अहमदपूरची वाट आणि पाण्यातले न दिसणारे विष

नांदेडहून लातूरच्या दिशेने निघालात की लोहा आणि माळाकोळी मागे पडते व रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढू लागतो. दोन्ही अंगांना काळी जमीन, सोयाबीन आणि तुरीचे पट्टे, मधूनच उघडा पडलेला काळा कातळ. साधारण निम्मी वाट सरली की अहमदपूर येते. पुढे शिरूर ताजबंद, चाकूर आणि मग लातूर. हे गाव जागचे हलले नाही, पण त्याचे जिल्हे बदलत गेले. निजामाच्या राज्यात आणि नंतर हैदराबाद राज्यात ते बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा व उदगीर या तालुक्यांबरोबर ते उस्मानाबादकडे आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरकडे गेले. लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या मध्ये असल्यामुळे इथल्या माणसाला मोठ्या इलाजासाठी दोन दिशा मोकळ्या असतात, आणि दोन्हींकडे जायला रस्ताच धरावा लागतो, कारण अहमदपूरला रेल्वे नाही.

म्हणून सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या वेळी आपण इथल्या बसस्थानकावर थांबलात, तर प्रवाशांत काही जण निराळे ओळखू येतील. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाड फाईल, पाण्याची लहान बाटली, कारण जास्त पाणी प्यायची मुभा नसते, आणि दंडावर किंवा मनगटाजवळ फुगून आलेली शीर. हे डायलिसिसला निघालेले लोक. सोबत सून, मुलगा, कधी नातवंड. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे भाडे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेडही होता. थोडक्यात, गाडीभाडे आणि बिल यांची चिंता थोडी हलकी झाली आहे. ज्या गोष्टीविषयी घरची माणसे क्वचितच विचारतात ती गोष्ट मात्र पाण्याची आहे. या लेखात आपण त्याच पाण्याच्या मागे जाणार आहोत.

मराठवाड्याच्या माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. मन्याड नदीवर लोहा तालुक्यात लिंबोटीचे धरण झाले तरी उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसण्याची सवय या टापूतून गेलेली नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती रेल्वे आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. आता एक हिशेब करून पाहा. डायलिसिसचे यंत्र मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव रुग्णाच्या रक्तालगत फिरवते. चार तासांच्या एका बैठकीत हे होते १२० लिटर. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर ३६० लिटर. निरोगी माणूस आठवड्याला पंधरा लिटरांच्या आसपास पाणी पितो, आणि तेही आतड्यांच्या गाळणीतून रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आणि हे ३६० लिटर यांच्यामध्ये असतो फक्त डायलायझरच्या बारीक नळ्यांचा पातळ पडदा. त्या पहिल्या रेल्वेने आणलेले सगळे पाणी केवळ डायलिसिसला दिले असते, तर ते जेमतेम सव्वीस रुग्णांना वर्षभर पुरले असते. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरले, तर त्याहूनही कमी जणांना.

एवढे पाणी रक्ताच्या इतक्या जवळ येते, म्हणून ते नुसते पिण्याजोगे असून भागत नाही. क्षार, क्लोरिन आणि जंतू काढण्यासाठी ते गाळण्या, कोळशाची टाकी आणि आरओ यंत्रणा यांतून जाते. इथवर बहुतेकांना माहीत असते. ज्याची माहिती कमी असते, ते पुढे आहे.

काही जातींच्या जीवाणूंच्या बाह्य आवरणात मेद आणि शर्करा यांनी बनलेला एक पदार्थ असतो. शास्त्रात त्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात, आपण अंतर्विष म्हणू. जीवाणू जिवंत असतो तेव्हा हा पदार्थ त्याच्या कवचाचाच भाग असतो. जीवाणू मेला, फुटला, की तो पाण्यात सुटतो. आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. इथे ती अक्षरशः लागू पडते. रुग्णालयातील ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश वाफेत जीवाणू मरतात, पण त्यांचे अंतर्विष बहुतांश शाबूत राहते. ते नष्ट करायला कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास काच तापवावी लागते. प्लास्टिकच्या नळीला हे सोसणार नाही. म्हणजे एखादी वस्तू पूर्ण निर्जंतुक असूनही अपायकारक असू शकते. पाकिटावर ‘निर्जंतुक’ असे छापलेले असते, त्यातून जिवंत जंतू नाहीत एवढेच कळते. मेलेल्या जंतूंचे काय झाले, हे वेगळ्या परीक्षेतूनच कळते.

हे विष पोटात गेले तर आपल्याला सहसा काही होत नाही. आपल्या आतड्यांत अब्जावधी जीवाणू नांदतात आणि त्यांचे अंतर्विष तिथेच अडते. रक्तात गेले की मात्र शरीर त्याला शत्रूची चाहूल समजते. थंडी वाजते, ताप चढतो, रक्तदाब घसरतो, मात्रा मोठी असेल तर प्राणावर बेतते. मात्रा किती? शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी जगभर मान्य असलेली मर्यादा अशी, की शरीराच्या दर किलो वजनामागे तासाला ५ युनिट. साठ किलोच्या माणसाला तासाला ३०० युनिट. वजनात सांगायचे तर एका ग्रॅमचे तीन कोटींहून अधिक भाग करावेत, त्यांतला केवळ एक. डोळ्यांना दिसणार नाही, वास येणार नाही, पाणी गढूळ होणार नाही. म्हणून परीक्षेवाचून दुसरा उपाय नाही.

ही परीक्षा कशी सापडली, त्याची वाट अहमदपूरपासून फार दूर, समुद्राकडे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून सलाईन दिले की काही रुग्णांना हुडहुडी भरून ताप येई. दोष औषधाचा की रुग्णाचा, कुणाला उमगत नव्हते. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत फ्लॉरेन्स सीबर्ट या महिला शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की दोष पाण्याचा आहे. ऊर्ध्वपातित पाण्यातही जीवाणूंनी सोडलेला तापकारक पदार्थ उरतो. मग औषध आधी सशांना टोचून त्यांचे तापमान तासन् तास मोजण्याची पद्धत आली. १९४२ साली ती अमेरिकेच्या औषधसंहितेत नोंदली गेली. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग या संशोधकाने घोड्याच्या नालासारखे कवच असलेल्या एका समुद्री जीवावर प्रयोग करताना पाहिले, की जीवाणूंचा स्पर्श होताच त्याचे निळे रक्त साखळते. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी या रक्तपेशींच्या अर्कापासून परीक्षा तयार केली. १९७७ पासून अमेरिकेत ती सशांच्या जागी मान्य होऊ लागली.

या जीवाला लोक खेकडा म्हणतात, पण तो खेकड्यांच्या कुळातला नाही. त्याचे नाते कोळी आणि विंचवांशी आहे. भारतात त्याच्या दोन जाती आढळतात, त्या ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यावर. आपल्या कोकणात तो नाही. तरी आपल्या शेजारी, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जीवाचा आणि त्याच्या रक्ताचा अभ्यास झालेला आहे. रक्त काढून प्राणी पुन्हा समुद्रात सोडतात, पण त्यांतले सगळे जगत नाहीत. म्हणून आता प्रयोगशाळेत तयार केलेला पर्यायही आला आहे. त्याचा पाया सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी घातला आणि युरोपच्या औषधसंहितेने २०२१ पासून त्याला स्वतंत्र स्थान दिले. विंचवाच्या या दूरच्या भावकीने माणसाचे किती प्राण राखले, याची दखल घ्यायला हवी.

परीक्षेची साधी रीत समजून घेण्यासारखी आहे. सलाईनची नळी, कॅथेटर, डायलायझर यांसारख्या वस्तूंच्या प्रत्येक उत्पादन-तुकडीतून काही नग निवडतात. अंतर्विष नसलेल्या पाण्याने त्यांचा रक्तमार्ग धुतात. हे धुवण काचेच्या लहान नळीत अर्काबरोबर मिसळून ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेला, एक तास ठेवतात. मग नळी अलगद उलटी करतात. आतला द्रव विरजण लागलेल्या दह्यासारखा घट्ट होऊन जागीच राहिला, तर विष मर्यादेहून अधिक आहे. ओघळला, तर वस्तू उत्तीर्ण. रक्ताशी संबंध येणाऱ्या उपकरणाला प्रति नग २० युनिट ही मर्यादा आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाशी संबंध येणाऱ्या उपकरणाला केवळ २.१५. डोळ्याच्या पुढच्या भागात वापरायच्या द्रवांना तर मिलिलिटरला ०.२ युनिट. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हे विष डोळ्यात राहिले, तर जंतू नसतानाही डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नजर अधिक धूसर वाटली वा डोळा लाल झाला, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कारखान्यातून येणाऱ्या वस्तूंवर कायद्याची देखरेख असते. भारतीय औषधसंहितेत ही परीक्षा आहे आणि वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. डायलिसिसचे पाणी मात्र कारखान्यातून पाकिटात बंद होऊन येत नाही. ते रोज, त्या त्या केंद्राच्या मागच्या खोलीत तयार होते. तेथील टाकी, तेथील नळ आणि तेथील माणसाची दक्षता, यांवर सारे अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय प्रमाण असे आहे, की डायलिसिसच्या पाण्यात अंतर्विष मिलिलिटरला ०.२५ युनिटहून कमी आणि जीवाणूंच्या वसाहती १०० हून कमी असाव्यात, आणि दोन्हींची तपासणी नियमाने व्हावी. पुष्कळ ठिकाणी ती दरमहा करण्याची शिस्त पाळली जाते.

चूक कोठे होऊ शकते, हे जाणून घेतले तर आपल्याला योग्य प्रश्न विचारता येतात. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरिन उरलेले नसते. म्हणून ते पाणी जितके शुद्ध, तितकेच जंतूंना मोकळे रान. नळीत जेथे पाणी साचून राहते, तेथे आतून बुळबुळीत थर धरतो. रांजण आठवडाभर घासला नाही की आतून हात लावल्यावर जसा लागतो, तसाच. हा थर वरवर धुतल्याने जात नाही. बायकार्बोनेटचे द्रावण करून ठेवले तर त्यातही जीवाणू झपाट्याने वाढतात. ते ताजे करावे आणि उरलेले टाकून द्यावे. एकच डायलायझर त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे अनेक केंद्रांत आहे. ती पद्धत नियमाने पाळली तर चालते, पण धुण्याचे पाणीही तितकेच शुद्ध असावे लागते. कारण त्या वेळी पाणी पडद्याच्या रक्ताकडील बाजूनेही फिरते.

आता घरच्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचे. डायलिसिस सुरू होताना रुग्ण ठीक होता आणि तासाभरात किंवा त्यानंतर त्याला थंडी वाजू लागली, अंग कापू लागले, ताप आला, मळमळ झाली, कंबर दुखली वा रक्तदाब एकाएकी उतरला, तर ते तात्काळ टेक्निशियनला आणि डॉक्टरांना सांगा. ‘पंखा बंद करा, शाल द्या’ एवढ्यावर मिटवू नका. वृद्धांच्या बाबतीत एक जास्तीची अडचण असते. त्यांना ताप फारसा चढत नाही. त्याऐवजी ते गप्प होतात, भांबावल्यासारखे बोलतात, गळून जातात. सत्तरीपुढचे आजोबा-आजी डायलिसिसनंतर नेहमीपेक्षा निराळे वागत असतील, तर तेही लक्षणच समजावे. याची कारणे अनेक असतात. फिस्टुला वा कॅथेटरचा संसर्ग हे त्यांतले मोठे कारण. ते डॉक्टरांनी शोधायचे आहे. आपले काम वेळेवर सांगण्याचे. एकाच दिवशी दोघा-तिघा रुग्णांना असा त्रास झाला, तर ते आवर्जून सांगावे, कारण मग संशयाची सुई पाण्याकडे वळते.

केंद्रात विचारायचे प्रश्न थोडे आहेत. आरओच्या पाण्याची जीवाणूंची आणि एन्डोटॉक्सिनची तपासणी शेवटची कधी झाली? निकाल काय होता? नळ्यांची जंतुनाशक धुलाई किती दिवसांनी होते? आमचा डायलायझर किती वेळा वापरला गेला आणि त्यावर आमचे नाव आहे ना? आपल्याकडे डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. ‘दादा, जरा तारीख सांगता का, फाईलमध्ये लिहून ठेवतो,’ असे नम्रपणे विचारले तर चांगल्या केंद्रातले लोक नोंदवही उघडून दाखवतात. त्यांनाही बरे वाटते, कारण मागच्या खोलीतले त्यांचे काम कोणी विचारत नाही.

गावाकडची आणखी एक सवय इथे सांगायला हवी. थकवा आला की ‘एक सलाईन लावा, ताकद येईल’ असा आग्रह धरणारे ज्येष्ठ आपल्या घराघरांत आहेत. तोंडाने खाता-पिता येत असेल तर पेज, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांनी भागते. अर्थात मूत्रपिंड वा हृदयाच्या रुग्णांना पाणी आणि मिठाचे माप डॉक्टरांना विचारूनच. सलाईनची प्रत्येक बाटली रक्ताचे दार उघडते. गरज असेल तेव्हा ते दार उघडावेच, पण हौसेने उघडू नये. बाटली लावण्यापूर्वी तारीख पाहावी, ती गळत वा फुगलेली नाही ना हे पाहावे, द्रव उजेडात धरून पाहावा. यावरून अंतर्विष कळणार नाही, पण फुटलेले सील कळते आणि तेही पुष्कळ आहे. सलाईन चालू असताना हुडहुडी भरली तर ते लगेच थांबवण्यासाठी सांगावे आणि बाटली फेकून न देता जपून ठेवावी. तिच्यावरचा बॅच क्रमांक हाच पुढच्या तपासाचा धागा असतो. औषधाच्या वा उपकरणाच्या दुष्परिणामाची तक्रार कोणालाही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर नोंदवता येते. उपकरणांसाठीची राष्ट्रीय दक्षता योजना २०१५ पासून चालू आहे.

घरातील नेब्युलायझरचा प्याला आणि ऑक्सिजनच्या यंत्राची पाण्याची बाटली रोज रिकामी करून धुवावी, वाळवावी आणि पुन्हा ताज्या पाण्याने भरावी. कालचे पाणी उकळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. जंतू मरतील, पीळ राहील.

आपल्या भागात देवळात, मठात वा लग्नघरी पंगत बसली की आधी तांब्या घासून मग पाणी वाढतात. पाण्याइतकाच तांब्याही स्वच्छ लागतो, हे आपल्या आजीने कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत तोच तांब्या शेकडो फूट लांब नळीच्या रूपात पसरलेला आहे, एवढाच फरक. पुढच्या वेळी अहमदपूरहून लातूरला किंवा नांदेडला निघाल, तेव्हा फाईलच्या पहिल्या पानावर रक्तगट आणि औषधांखाली एक ओळ मोकळी सोडा. ‘पाणी तपासणीची तारीख’ असे तिथे लिहा, केंद्रात विचारून ती भरा, आणि दर महिन्याला बदला.